आधी माल, मग विमान

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा कुठेही जा, एक गोष्ट नेहमी पाहावयास मिळते. एखादा होतकरू तरुण हप्त्यावर टेम्पो घेतो. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला जातो, मिठाई वाटली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून माल शोधण्याची धावपळ सुरू होते. जाताना भाडे मिळाले तर येताना गाडी रिकामी. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दारात उभा. दोन वर्षांत गाडी ओढून नेली जाते आणि लोक म्हणतात, ‘त्याचे नशीब खोटे होते.’

आमच्या मते यात नशिबाचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग मोठा असतो. हा हिशेब समजण्यासाठी आज आम्ही टेम्पोऐवजी विमानाचे उदाहरण घेत आहोत. मालवाहू विमान म्हणजे तरी काय? हवेत चालणारा ट्रकच. त्यालाही हप्ता आहे, इंधन आहे, परतीच्या भाड्याची चिंता आहे. फक्त चूक झाली तर नुकसान लाखांत नव्हे, कोटींत होते. आपल्या देशात मालवाहू विमान कंपन्या अनेक निघाल्या आणि बहुतेक बंद पडल्या. तीस वर्षांच्या आसपास टिकलेली एक छोटी कंपनी आहे. तिचे नाव ब्लू डार्ट एव्हिएशन. ती का टिकली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पार्सलचे दुकान

या कंपनीची सुरुवात विमानाने झालेली नाही. १९८३ साली मुंबईत क्लाइड कूपर, खुशरू डुबाश आणि तुषार जानी या तिघांनी ब्लू डार्ट नावाने कुरिअरचा धंदा सुरू केला. कागदपत्रे आणि लहान पार्सले घ्यावयाची, दुसऱ्याच्या विमानाने पाठवावयाची आणि पलीकडे घरपोच करावयाची, असा तो धंदा. अमेरिकेच्या फेडरल एक्स्प्रेस कंपनीचे भारतातील भागीदार म्हणूनही त्यांनी २००२ पर्यंत काम केले.

त्या काळी स्वतःचे विमान घ्यावयाचे म्हटले तरी कायद्याची अडचण होती. १९५३ च्या कायद्याने देशातील नियमित विमानसेवा सरकारी महामंडळांच्या हाती दिली होती. १९९० साली सरकारने मालवाहतुकीसाठी आकाश खुले करण्याचे धोरण आणले आणि १९९४ साली तो जुना कायदाच रद्द झाला. त्याच वर्षी ब्लू डार्ट एव्हिएशन ही वेगळी कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे चेन्नईत ठेवण्यात आले. १९९६ साली दोन मालवाहू विमानांनिशी प्रत्यक्ष उड्डाणे सुरू झाली.

वाचकांनी येथे दोन सालांमधील अंतर मोजावे. १९८३ ते १९९६ म्हणजे तेरा वर्षे. एवढी वर्षे हे लोक दुसऱ्याच्या वाहनातून माल पाठवीत होते. या काळात त्यांनी गिऱ्हाईक जमवले, गावोगावी कचेऱ्या उघडल्या, कोणत्या शहराकडून कोणत्या शहराकडे रोज किती वजन जाते याची नोंद त्यांच्या वहीत जमत गेली. विमान आले तेव्हा त्यात भरावयाचा माल आधीच रांगेत उभा होता.

दुसऱ्याच्या विमानात अडचण काय होती?

कोणी विचारील, तेरा वर्षे काम चालले होते तर विमान घेतलेच कशाला? याचे उत्तर प्रवासी विमानाच्या रचनेत आहे. प्रवासी विमानात माल जातो तो प्रवाशांच्या पायाखालच्या कप्प्यात. तेथे पहिला हक्क प्रवाशांच्या सामानाचा. उरलेल्या जागेत माल. विमान जड झाले तर सर्वांत आधी मालच खाली उतरवला जातो. लहान विमानांत कप्प्याचे दारही लहान, पेट्या एकेक करून हाताने रचाव्या लागतात. मोठी पेटी असेल तर दारातूनच परत.

याहून मोठी अडचण वेळेची. व्यापारी दिवसभर काम करून माल संध्याकाळी बांधतो. त्याला तो दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या शहरात हवा असतो. प्रवासी विमाने मात्र प्रवाशांच्या सोयीने उडतात. म्हणजे मालाला विमान हवे रात्री आणि मिळते दिवसा. ही अडचण रोजची झाली, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडू लागला, तेव्हाच स्वतःच्या वाहनाचा खर्च सार्थकी लागतो. वाहन घेण्याचे खरे कारण हेच असावे. ‘शेजाऱ्याने घेतले’ हे कारण नव्हे.

ताफा कसा वाढत गेला

या कंपनीची पहिली विमाने बोइंग ७३७-२०० जातीची होती. हे दोन इंजिनांचे विमान सुमारे १५ टन माल नेते. बोइंगने या जातीचे उत्पादन १९८८ सालीच थांबवले होते. म्हणजे १९९६ साली घेतलेली विमाने नवी असणे शक्यच नव्हते. इंजिन जुन्या पद्धतीचे, आवाज मोठा आणि इंधनाची भूक मोठी.

याच जातीची आणखी विमाने घेऊन कंपनीने दहा वर्षे काढली. माल वाढला, १५ टनांची गाडी अपुरी पडू लागली, तेव्हा २००६ साली बोइंग ७५७-२०० आले. हे विमान २७ टनांच्या आसपास माल नेते. याचेही उत्पादन २००४ साली बंद झालेले. ही मूळची प्रवासी विमाने. नंतर त्यांना मालवाहू बनवले. यासाठी आसने काढतात, खिडक्या बंद करतात, जमीन मजबूत करून तिच्यावर रूळ बसवतात आणि पुढच्या बाजूला डाव्या अंगास मोठे दार कापतात. मग माल सुटा भरावयाचा नाही. जमिनीवरच तो धातूच्या पॅलेटवर रचून जाळीने बांधतात, उचलयंत्राने दारापर्यंत चढवतात आणि रुळांवरून ढकलत आत नेतात. एकेक पेटी रचण्याच्या मानाने विमान किती तरी लवकर भरून तयार होते.

७५७ स्थिरावल्यावर जुनी ७३७-२०० हळूहळू ताफ्यातून काढण्यात आली. २००४-०५ मध्ये जर्मनीच्या डाक उद्योगाच्या मालकीच्या डीएचएलने कुरिअर कंपनीतील ८१ टक्के हिस्सा विकत घेतला होता. मोठा मालक आला, तरी विमाने डझनावारी मागवण्यात आली नाहीत. पुढे बोइंग ७३७-८०० जातीची, सुमारे २० टन माल नेणारी दोन विमाने घेण्यात आली. २०२३ साली ताफ्यात सहा ७५७ आणि दोन ७३७-८०० अशी एकूण आठ विमाने होती. २७ वर्षांत दोनाची आठ! हा वेग पाहून एखादा उतावळा माणूस हसेल. पण टिकाऊ वाढ अशीच असते.

ताफ्यात विमानांच्या जाती किती कमी आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जातीसाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा परवाना लागतो. सुटे भाग वेगळे, हत्यारे वेगळी, कारागीर वेगळे. आठ विमाने पाच जातींची असती तर पाच गोदामे भरून सुटे भाग ठेवावे लागले असते. आपल्या कारखान्यातही चार कंपन्यांची चार यंत्रे असली की मेकॅनिक चार आणि भागही चार ठिकाणांहून आणावे लागतात. यंत्र घेताना भावात पाचशे रुपये वाचले म्हणून आपण खूश होतो आणि पुढे वर्षभर त्याचे व्याज भरतो.

जुने विमान का परवडते?

आता मुख्य हिशेब. प्रवासी विमान दिवसातून दहा-बारा तास उडते. त्यामुळे नवे, महाग विमान घेतले तरी तासांमागे त्याच्या किमतीचा बोजा कमी पडतो आणि इंधनाची बचत मोठी होते. पार्सलचे विमान मुख्यतः रात्री उडते. संध्याकाळी माल गोळा होतो, मध्यरात्रीच्या आसपास उड्डाण, पहाटे पलीकडे, सकाळी घरोघर वाटप. म्हणजे दिवसातून चार-पाच तासच काम. उरलेला वेळ विमान उभे. उभ्या विमानाला इंधन लागत नाही, पण हप्ता लागतोच. म्हणून येथे स्वस्त जुने विमान परवडते. ते इंधन जास्त खाईल, पण थोडेच तास खाईल. महागडे नवे विमान मात्र उभ्याउभ्या मालकाला खाते.

हा नियम प्रत्येक कारागिराने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. जे यंत्र दिवसभर चालणार, ते नवे आणि चांगले घ्यावे. जे दिवसातून दोन तास चालणार, ते जुने पण तपासून घेतलेले असावे. उलट केले तर धंदा चालूनही हाती काही उरत नाही.

मात्र जुने म्हणजे दुर्लक्षित नव्हे. विमान कितीही जुने असो, ठरावीक तासांनी आणि ठरावीक उड्डाणांनी त्याची तपासणी कायद्याने करावीच लागते. कोणता भाग कधी बदलला याची लेखी नोंद ठेवावी लागते. नोंद नसेल तर भाग चांगला असूनही चालत नाही. आपल्या किती यंत्रांची अशी वही आपण ठेवतो? इंधनावरील कराचेही तसेच. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड भागातील विमान इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. इंधनावरील कराच्या दरात असा फरक म्हणजे नफ्यातोट्याचा फरक. खर्चाची सर्वांत मोठी बाब कोणती आणि तिच्यावर सरकारचा कर किती, हे मालकाला तोंडपाठ असले पाहिजे.

ज्यांना जमले नाही

त्याच सुमारास दुसरे लोकही या धंद्यात उतरले. हिंदुजा उद्योगसमूह आणि जर्मनीची लुफ्तान्सा यांनी मिळून बोइंग ७२७ विमानांची मालवाहू कंपनी काढली. नाव मोठे, पैसा मोठा, तरी २००० साली ती बंद झाली. एल्बी या कुरिअर कंपनीनेही फोकर एफ-२७ जातीची लहान विमाने उडवली. तीही कंपनी टिकली नाही. म्हणजे आधी माल असला की यश ठरलेलेच, असे आम्ही म्हणत नाही. माल नसला तर अपयश बहुधा ठरलेले, एवढेच आमचे म्हणणे.

सर्वांत बोलके उदाहरण आपल्या नागपूरचे आहे. स्वस्त प्रवासी विमानसेवा देशात आणणारे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ साली डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी सुरू केली आणि नागपूर हे तिचे केंद्र केले. कल्पना अतिशय सुंदर. नागपूर देशाच्या मध्यावर, चारही बाजूंची विमाने रात्री तेथे यावीत, माल बदलावा आणि पहाटे आपापल्या शहरी परत जावीत. मोठी एअरबस ए-३१० आणि लहान एटीआर, अशी विमाने आली. परदेशच्या फेऱ्याही सुरू झाल्या. रिलायन्ससारख्या बलाढ्य उद्योगाने पैसा घातला. तरी २०११ मध्ये विमाने जमिनीवर आली. ताफा एकदम उभा राहिला, खर्च पहिल्या दिवसापासून सुरू झाला आणि ती विमाने भरण्याइतके गिऱ्हाईक मात्र अजून जमवावयाचे होते.

याच नागपूरची एक जुनी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून डाकोटा विमाने रात्री निघत, मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमाने आपापल्या ठिकाणी पोहोचत. कल्पना हीच, गाव हेच. ती योजना अनेक वर्षे चालली. फरक कोठे होता? १९४९ मध्ये टपाल आधीच होते, रोजच्या रोज थैल्या भरून येत होत्या. २००९ मध्ये विमाने आधी आली आणि माल नंतर शोधावयाचा होता. नागपूरच्या जागेत दोष नव्हता. क्रम उलटा झाला.

खुद्द फेडरल एक्स्प्रेसची कथाही याला पुरावा देते. एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरातून १४ लहान फाल्कन विमानांनी तिचे काम सुरू झाले. पहिल्या रात्री २५ शहरांसाठी मिळून पार्सले किती? अवघी १८६. म्हणजे सरासरी एका विमानाला तेरा-चौदा पार्सले. ती कंपनी जगली, पण नफ्याचे तोंड पाहावयास १९७५ साल उजाडावे लागले. तोवर दुसऱ्यांचे कोट्यवधी डॉलर तिच्यात जळत होते. ज्याच्यामागे असे गुंतवणूकदार उभे आहेत त्याने तो मार्ग धरावा. आपल्यामागे कोण आहे, हे आपण आधी पाहावे.

आपल्या मालाचा हिशेब

आपल्यापैकी कोणी विमान घेणार नाही, पण विमानातील जागा विकत घेण्याची वेळ अनेकांवर येते. तेथे दोन गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली, भाडे केवळ वजनावर नसते. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात आणि त्यास ६००० ने भागतात. कुरिअर कंपन्या बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरे वजन यांत जो मोठा, त्यावर भाडे. समजा, धारावीच्या कारागिराने बारा चामडी बॅगा ६० गुणिले ४५ गुणिले ४० सेंटिमीटरच्या पेटीत भरल्या. खरे वजन ९ किलो. हिशेबाने मात्र १,०८,००० भागिले ६००० म्हणजे १८ किलो. किलोस ६० रुपये भाडे धरले तर १०८० रुपये, म्हणजे बॅगेमागे ९० रुपये. त्याच बॅगा चपट्या करून पेटीची उंची २० वर आणली तर आकार ९ किलोचा, भाडे ५४० आणि बॅगेमागे ४५ रुपये. आधी आपण चामड्याबरोबर हवाही विमानाने पाठवीत होतो आणि तिचे पैसे खिशातून जात होते.

दुसरी, कोणता माल विमानाने पाठवावा याची कसोटी. किलोमागे ज्याची किंमत जास्त, किंवा ज्याला एक दिवस उशीर झाला तर जास्त नुकसान होते, तोच माल विमानाचा. जरीचे काम, नमुने, औषधे, यंत्राचा सुटा भाग हे विमानाचे गिऱ्हाईक. भिवंडीचे कोरे कापड नव्हे. ते ट्रकनेच जावे. पण मालेगावात चार माग एका तीन किलोच्या भागासाठी बंद पडले असतील आणि दिवसाला हजार रुपये बुडत असतील, तर दोन दिवस वाचवण्यासाठी दोनशे रुपये जास्त देणे हा खर्च नसून बचत आहे.

आता या क्षेत्रात स्पर्धाही वाढली आहे. स्पाइसजेटने २०१८ साली आणि इंडिगोने २०२२ साली मालवाहू विमाने आणली. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने हैदराबादेत क्विकजेट कंपनीच्या विमानांनी सेवा सुरू केली. येथेही क्रम पाहा. ॲमेझॉनकडे पार्सलांचा डोंगर आधी होता, विमान नंतर आले. गिऱ्हाइकाने मात्र एकाच एजंटाच्या तोंडच्या भावावर विसंबू नये. दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा, भागाकार ५००० चा की ६००० चा हे विचारावे आणि एअरवे बिलावरील वजन स्वतः वाचून मगच सही करावी.

शेवटचे दोन शब्द

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे प्रवासी विमाने थांबली, तेव्हा औषधे व वैद्यकीय सामान देशभर पोहोचवण्याच्या सरकारी मोहिमेत याच छोट्या ताफ्याची विमाने होती. चीनमधून सामान आणण्यासाठीही ती गेली. पंचवीस वर्षे जुनी यंत्रे सांभाळून, नोंदी ठेवून, कर्जाचा डोंगर न करता जो तयार राहिला, तो कठीण वेळी देशाच्याही कामास आला.

म्हणून टेम्पो घेऊ पाहणाऱ्या आमच्या तरुण बंधूस आमचे एवढेच सांगणे आहे. सहा महिने भाड्याच्या गाडीने माल पाठव. रोज किती वजन गेले, परतीला काय मिळाले, किती दिवस गाडी रिकामी राहिली असती, हे एका वहीत लिही. सहा महिन्यांनी ती वही घेऊन बस. वही ‘गाडी घे’ म्हणाली तर जुनी पण चांगली गाडी पाहा. वही गप्प राहिली तर आणखी सहा महिने थांब. हप्ता भरण्यापेक्षा वही भरणे स्वस्त पडते.